काय चालू हाय भाऊ?

आमच्या परतवाड्यात भिंतीला ड्रिल लावलं की पहिला आवाज ड्रिलचा येतो आणि दुसरा फाटकाच्या कडीचा. कडी वाजली की शेजारचे काका अंगणात. अंगात बनियन, कमरेला लुंगी, हातात अर्धा वाचून झालेला रविवारचा पेपर. घरात पुण्या-मुंबईचा पाहुणा असला तर तो धसकतो. आता भांडण होणार असं धरून मशीनचं बटण सोडतो आणि तोंडात माफी जुळवून ठेवतो. काका चपला काढून आत येतात, भिंतीकडे पाहतात, भोकाकडे पाहतात आणि विचारतात, “काय चालू हाय भाऊ?”

“काई नाई काका, एक फयी ठोकून रायलो.”

“इथं? या भिंतीले? भुसभुशीत हाय हे. इथं नाई टिकत. थोडं वरतं घ्या. आना इकडं ते मशीन.”

यानंतरचा अर्धा तास ड्रिल काकांच्या हातात असतं, घरमालक स्टूल धरून उभा असतो आणि आत चहाचं आधण वाढवलेलं असतं.

सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्याला त्रास न देता घराची कामं कशी करावीत, यावर शहरांतल्या सोसायट्यांनी नियम केले आहेत. वेळा ठरवल्या, दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद केली, सूचनाफलकावर कागद डकवले. आमच्या गावाचं दुखणं निराळं. इथे शेजाऱ्याला आवाजाचा फारसा त्रास होत नाही. आवाज कशाचा आहे हे कळलं नाही, तर मात्र त्याला अन्न गोड लागत नाही.

आणि सहसा त्याला कळतंच, कारण आमच्या गल्लीला आवाज वाचता येतात. छन्नी-हातोड्याची एका चालीतली ठकठक म्हणजे नळाची लाईन फुटली. कटरची किंकाळी म्हणजे फरशी बदलणं, आणि फरशी बदलणं म्हणजे संत्र्याला यंदा भाव मिळाला. वरच्या खोलीला चिकटून संडास-बाथरूमचं काम निघालं की मुलाचं कुठेतरी जमलं. अंगणात विटा पडल्या आणि ठोकाठोकीचा आवाज घराच्या ऐन मध्यावरून यायला लागला, तर भावाभावांत हिस्से झाले. तेव्हा कोणी विचारायला जात नाही, फक्त त्या घरापुढून जाताना जरा हळू चालतात. रंगाला आवाज नसतो, पण त्याचं वाचन सर्वांत सोपं आहे. घराला रंग म्हणजे लग्न. आमच्याकडच्या एका सद्गृहस्थाने भिंतींचे पोपडे पडायला लागले म्हणून, केवळ तेवढ्याच कारणासाठी, घर रंगवून घेतलं. पुढे कित्येक दिवस “तारीख कवाची काढली?” असं भेटेल तो विचारत होता. त्यांची मुलगी अकरावीत होती. शेवटी एका मावशीने लांबच्या नात्यातलं स्थळच आणलं.

अशा ठिकाणी गुपचूप काम करणारा माणूस सर्वांत धोक्यात असतो. एका गुरुजींनी शेजारधर्म फारच मनावर घेतला. कोणाची झोपमोड नको म्हणून ड्रिल बाजूला ठेवून आजोबांच्या पेटीतलं सुताराचं गिरमिट काढलं, दाराला आतून गोधडी लावली, खिडक्या ओढून घेतल्या आणि रविवारभर हलक्या हाताने काम केलं. भरदिवसा बंद खिडक्या, मधूनच काहीतरी खरवडल्याचा आवाज, संध्याकाळी बाहेर टाकलेला लाकडाचा भुसा आणि मूठभर माती. दिवेलागणीपर्यंत गुजरी बाजारात बातमी होती की गुरुजींच्या घरात गुप्तधन निघालं. गुरुजी खिडकीला मच्छरदाणीची जाळी बसवत होते. ती जाळी पाहायला नंतर दोन दिवस माणसं येत होती आणि पाहता पाहता जमिनीवर पायाने ठोकून बघत होती.

आता कायदा. तो आहे, आणि चांगला स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा. दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो. २०१० साली त्यात भर घातली गेली की राहत्या वस्तीत बांधकामाची आवाज करणारी यंत्रं रात्री चालवायची नाहीत. रविवारबद्दल कायदा अवाक्षर काढत नाही. म्हणजे रविवारी पहाटे सहा वाजून एक मिनिटाला कोणी हॅमर मशीन काढलं, तर ‘रात्री काम केलं’ म्हणून त्याला धरता येत नाही. आणि हे कलम त्याला ठाऊक असेल तर त्याच्यापेक्षा भयंकर शेजारी नाही. ५५ डेसिबलचं तर बोलूच नका. चार हातांवरून साधं बोललं तरी आवाज साठच्या आसपास जातो. आमच्या जयस्तंभ चौकात दोन वऱ्हाडी माणसं एकमेकांची तब्येत विचारतात, तेव्हाच मर्यादा ओलांडलेली असते. आणि ती रस्त्याच्या दोन बाजूंना उभी असली तर विचारायलाच नको. शिवाय दिवसाच्या तक्रारीसाठी आवाज मर्यादेपेक्षा दहा डेसिबलने तरी जास्त हवा असं नियमच सांगतो. ड्रिलचा आवाज नव्वदच्या घरात जातो, त्यामुळे ती अट आरामात पुरी होते. पण आजवर आमच्या गल्लीतून तक्रार गेल्याचं ऐकिवात नाही. तक्रार करायला उठलेला माणूस वाटेत काम पाहायला थांबतो आणि तिथेच राहतो.

कायदा पाळणारी माणसं बघायची तर जर्मनीत जावं. आमच्या भागातला एक पोट्टा तिकडे नोकरीला आहे. तिथे रविवार घटनेने राखलेला आहे. वायमार घटनेतलं १९१९ सालचं कलम १९४९च्या मूलभूत कायद्यात जसंच्या तसं घेतलं आहे, की रविवार आणि सणाचे दिवस हे विश्रांतीचे दिवस म्हणून राखले जातील. त्यामुळे रविवारी ड्रिल नाही, गवत कापायचं मशीन नाही, काचेच्या रिकाम्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत, कारण त्या खळखळतात. या पोराने नवीन घरात पहिल्याच रविवारी घड्याळ लावायला भिंतीत एक भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी दारात शेजाऱ्याची चिठ्ठी. सभ्य भाषेत, नियमाच्या उल्लेखासह. त्याने ते फोनवर आईला सांगितलं. तिला कायद्याचं काही वाटलं नाही, घटनेचं तर नाहीच. ती एवढंच म्हणाली, “दारापर्यंत आला, चिठ्ठी ठेवली, अन् चाय न पेता गेला? कसे लोक हायेत बाप्पा!”

विश्रांतीचा दिवस कोणता, हे तरी आपल्याकडे कुठे एकदाचं ठरलंय? रविवारची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवून दिली, १८९०च्या जूनमध्ये. कचेऱ्या आणि शाळांनीही रविवार धरला. पण सलूनवाला सोमवारी बंद, आणि मिस्त्री आठवडी बाजाराच्या दिवशी येत नाही, देव आडवा आला तरी येत नाही, कारण आदल्या दिवशी हप्ता मिळालेला असतो आणि पिशवी भरायची असते. शेजारच्या अचलपूरची फिनले मिल चालू होती तोवर रात्रपाळी करून आलेली माणसं सकाळी नऊला झोपायची. त्यांच्या दृष्टीने मंगळवारी सकाळी दहाला वाजलेला हातोडा हा मध्यरात्रीचा हातोडा होता. मिल २०२०च्या टाळेबंदीत बंद पडली आणि तिच्याबरोबर ती दिवसाची झोपही गेली. ती माणसं आता रविवारी दुसऱ्यांच्या घरी रंगाची कामं घेतात.

तर मिस्त्री रविवारी मोकळा आणि घरमालकही रविवारीच घरी. घरमालक घरी लागतोच, नाहीतर नळ कुठे बसवायचा हे मिस्त्री स्वतः ठरवतो. त्या दोघांच्या मोकळ्या वेळेवर नेमका शेजाऱ्याच्या झोपेचा वेळ येऊन बसतो. यात कोणाचीच चूक नाही, आणि म्हणूनच हे कधी सुटत नाही.

एके काळी आवाज भिंतीतच मुरायचा. अचलपूरच्या जुन्या वाड्यांत आणि परतवाड्याच्या जुन्या घरांत अजून पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती सापडतात. वर सागवानाच्या सऱ्या, त्यावर धाबं. अशा भिंतीच्या अलीकडे लोहाराने दुकान मांडलं तरी पलीकडे म्हातारी पोथी वाचू शकत असे. आवाज पलीकडे जात नसे. खिळा मात्र टिकत नसे. जोरात ठोकला तर मातीच्या ढेपेसकट खाली येई. आता आरसीसीची चौकट आणि मध्ये चार इंची विटांची भिंत. दणका कॉलममधून थेट वरच्या स्लॅबला जातो, तिथून शेजारी उतरतो. दोन घरांची भिंत सामाईक असेल तर आपण इकडे एक खुंटी मारावी आणि तिकडच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांवर आपटावेत. पेले वाजले की वहिनींचा आवाज येतो, “भाऊजी, थांबा, मी पेले उतरवतो मंग ठोका!” कामाच्या नियोजनात या वाक्याचं मोल मोठं आहे.

दुपारची गोष्ट मात्र खरीच वेगळी. मे महिन्यात पारा ४४-४५ला टेकतो तेव्हा दुपारची झोप ही चैन राहत नाही. घराघरांत लोखंडी डब्याचे कूलर घरघरत असतात. नवख्या माणसाला वाटतं, या वेळी ठोकाठोक करणं महापाप. अनुभवी माणूस ओळखून असतो की वर्षातला सर्वांत सुरक्षित वेळ हाच. कूलरपाशी झोपलेल्या माणसाला बाहेर मिरवणूक गेलेली कळत नाही, ड्रिलचं काय घेऊन बसलात. त्याला जाग येते ती कूलर बंद पडल्यावर. आवाजाने नव्हे, आवाज थांबल्याने अख्खी गल्ली उठून बसते. म्हणून भर उन्हाळ्यात काम काढणाऱ्याने एकच पथ्य पाळायचं: खिडकीची ग्रील बसवायला वेल्डिंगवाला आणलाच, तर त्याने आकडा कुठून घेतलाय ते पाहायचं. त्याच्या मशीनने व्होल्टेज पाडलं, फ्यूज उडाला आणि सात घरांचे कूलर एकदम गप्प झाले, तर मग फाटकाची कडी वाजते ती चहासाठी नव्हे.

तरी कूलर ही किरकोळ बाब म्हणायची. परतवाड्यात शेजाऱ्याशी कायमचं वैर येतं ते कुरड्यांवरून. चैत्र-वैशाखात गच्च्यांवर कुरड्या, पापड, सरगुंडे, मुंगवड्या वाळत असतात. बायका पहाटे चारला उठून चीक शिजवतात, सोऱ्या फिरवतात, धोतरावर पांढरीशुभ्र चक्रं घालतात. त्याच दिवशी शेजारी कोणी कोरडा कटर फरशीला लावतो. आवाज त्या माउल्यांनी माफ केलेला असतो. पण फरशीची भुकटी वाऱ्यावर चढते, भिंत ओलांडते आणि ओल्या कुरड्यांवर अलगद बसते. यावर कायद्याचं कलम काढून भागत नाही. पुढे वर्षभर त्या घरी पाहुणा जेवायला बसला की कुरडई वाढताना कोणाच्या फरशीची कचकच दाताखाली येते हे नावानिशी सांगितलं जातं. कटरवर पाण्याची धार धरली तर धूळ उडत नाही. प्रत्येक मिस्त्रीला हे ठाऊक असतं. पाण्याची धार धरायला माणूस लागतो, आणि तो माणूस नेमका तंबाखू आणायला गेलेला असतो.

बरं, काम काढायचं तरी कोणत्या रविवारी? डिसेंबरअखेरीपासून जानेवारीभर बहिरमची जत्रा. तिथे रोडगे आणि हंडीतलं मटण. अर्धी गल्ली रविवारी तिकडे असते, म्हणजे गडबड करायला मोकळं रान. पण मिस्त्रीही तिकडेच असतो आणि निमंत्रण आपल्यालाही असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावी. शेजारच्या घरात परीक्षेचं पोर असलं की हातोडा हातात घेणाऱ्याच्या पुढच्या तीन पिढ्यांचा उद्धार होतो. पोर मोबाइल बघत असलं तरी होतो. होळीला मेळघाटातून आलेले कोरकू मजूर गावी परततात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण, नाच आणि फगवा आटोपल्याशिवाय कोणी खाली उतरत नाही, आणि उतरावं तरी का? एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि वर सांगितलेल्या कुरड्या. जूनमध्ये पेरणी. पावसाळ्यात घाटांवरून रेती उचलायला बंदी, पुट्टी वाळत नाही, आणि रविवारी चिखलदऱ्याला निघालेल्या गाड्यांच्या रांगेत सिमेंटचा हातगाडा अडकतो. भाद्रपदात गणपती, मग महालक्ष्म्या. घरात सोवळं, बाहेर पाहुणे. लगेच पितृपक्ष, त्यात नवं काम सुरू करायचं नाही. दिवाळीआधी पेंटर मिळाला तर तो पेंटर नसतो. दिवाळीत कापसाची वेचणी आणि आंबिया बहराची संत्र्याची तोड, गावातले हात सगळे शेतात. ते परत येतात तोवर बहिरमला पालं पडलेली असतात.

राहिलेल्या एखाद-दुसऱ्या रविवारी शांतपणे काम करायचा एक उपाय परतवाड्यात खरोखर आहे, आणि तो बाकी शहरांच्या नशिबात नाही. आमचं गाव सागवानाचं. मेळघाटच्या पायथ्याशी वनखात्याचं आगार, तिथे लिलाव, आजूबाजूला आरामशिनी आणि सुतारांची दुकानं. शनिवारी घरी मापं घ्यावीत, कागदावर नीट लिहावीत आणि लाकूड तिथेच कापून, रंधा मारून, भोकं पाडून आणावं. घरी फक्त स्क्रू पिळायचे. करवत नाही, रंधा नाही, शेजारच्या पेल्यांना धक्का नाही. दारं-चौकटी अशा केल्या तर भर रविवारी दुपारी बसवता येतात. दुपारच्या वाट्याला मुकी कामं ठेवावीत: पुट्टी, पॉलिश पेपरची घासणी, चपडा-स्पिरिटचं पॉलिश. चपड्याचा वास दोन घरं पलीकडे जातो हे खरं, पण वासाला डेसिबल नसतात.

मी हा सगळा शहाणपणा एकदा अमलात आणला. एक कपाटवजा मांडणी, सगळे तुकडे दुकानातून तयार करून आणलेले, घरात आवाज म्हणाल तर पेचकसाचा. भिंतीत चार भोकं तेवढी पाडायची होती, तीही आधी खुणा करून, जेवणाच्या आत, एकामागोमाग. काम झाल्यावर पाहतो तो फाटकापाशी चार माणसं.

“झालं बी?” एक म्हणाला.

“हाव नं.”

“आमाले आवाज दिला असता तं आलो असतो ना भाऊ. असं परक्यासारखं काऊन करता?”

मांडणीची पाहणी झाली. एकाने ती हलवून बघितली, हलली नाही तरी मान हलवली. दुसऱ्याने सागवान किती फुटाने पडलं ते विचारलं आणि त्याच्या साडूला किती स्वस्तात मिळालं ते सांगितलं. मग खरा विषय निघाला. मशीन आलंच आहे तर समोरच्यांना पडद्याचा रॉड लावायचा होता. पलीकडच्यांना आरशाची दोन भोकं हवी होती. कोपऱ्यावरच्या वहिनींची बाथरूममधली खुंटी गेल्या पोळ्यापासून पडलेली होती. ड्रिल ऐन झोपेच्या वेळी गल्लीतून निघालं आणि घरोघरी वाजत गेलं. प्रत्येक घरी ते वाजायला लागलं की बाकीच्या घरांतून माणसं काय चाललंय ते पाहायला निघत होती.

मशीन मंगळवारी परत आलं. सोबत झाकलेल्या ताटलीत सांबारवडी होती. मशीनच्या तोंडाला मात्र बिट नव्हतं.

“बिट कुठं हाय?” मी ते घेऊन आलेल्या पोट्ट्याला विचारलं.

“ते वहिनीच्या भिंतीत हाय. अडकलं, निघतच नाई.” त्याने एक वडी उचलली. “त्यायनं त्यालेच कॅलेंडर टांगलं.”